काजव्याची सातवी कुपी

१

संघप्रियानं कुपीवरचा काळा कागद सोलला. आतलं औषध लाल होतं.

काजवा कधी लाल नसतो. तो असतो गडद हिरवा, शेवाळलेल्या हौदातल्या पाण्यासारखा. तिच्या हातातली ही तर चक्क अशक्तपणावर टोचतात ती बी-ट्वेल्व्हची बाटली होती. कुणीतरी काजव्याचा काळा कागद जपून उलगडला होता आणि तितक्याच जपून या लाल बाटलीभोवती गुंडाळून ठेवला होता. बाकीच्या सहा कुप्या जिथल्या तिथं होत्या. गेली होती ती फक्त सातवी.

उमरग्यात हैदराबाद रस्त्याला लागून एक कर्करोग रुग्णालय आहे. तिथं या औषधाची चाचणी चालू होती आणि तिचं सगळं काम संघप्रियाच्या अंगावर होतं. औषधाचं खरं नाव म्हणजे दोन इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे. ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला काजवाच म्हणत. शिरेतून दिलं की त्यातले डोळ्यांना न दिसणारे कण चोवीस तासांत गाठीत जाऊन बसतात. खास कॅमेऱ्याखाली गाठ चमकायला लागते, कुठवर पसरलीय ते कळतं. मग नेमक्या त्याच जागी लेझरचा उजेड सोडायचा. कण तापतात आणि गाठ आतल्या आत मरते. तंबाखू-मिश्रीनं तोंड नासलेल्या माणसांचा जबडा वाचतो, आणखी काय पाहिजे?

रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टर राजेश्वरीबाई बाटलीकडे बघत राहिल्या. एरवी आवाज चढवणारी बाई, पण आता कुजबुजल्यासारखं बोलली. "संघप्रिया, कुपी चोरीला गेली तर गेली. मला भीती चोरीची नाही. ते औषध कुणाच्या तरी अंगात गेलं असेल तर?"

भीती कसली, ते संघप्रियाला सांगायला नको होतं. काजव्याच्या कणांना लेझर आणि ऊन यातला फरक कळत नाही. अंगात कण आहेत तोवर उजेड पडला की कातडी भाजते, डोळे जातात. म्हणून तर प्रत्येक पेशंटला तीन आठवडे अंधारात ठेवायचं, घरी जाताना काळी पिशवी द्यायची. पिशवीत काळा गॉगल, हातमोजे, जाड स्कार्फ आणि छत्री.

आणि बाहेर मे महिना होता. सकाळचे साडेनऊच वाजले होते, पण डांबर मऊ व्हायला लागलं होतं.

२

"बाहेर एक शब्द जाता कामा नये," डॉक्टरबाईंनी बजावलं. "रविवारी आत आलेल्या तिघांना सांगा, बस्स. गावात बोभाटा झाला तर उद्यापासून एक पेशंट पाय ठेवणार नाही इथं."

पोलिसांना कळवलं होतं. पण ठाण्यातली निम्मी माणसं बंदोबस्ताला गेलेली. "दुपारपर्यंत येतो," म्हणाले. संघप्रियाला दुपारपर्यंत दम निघेना. तिनं वडिलांना फोन लावला. तिच्या आबांना, म्हणजे तात्यारावांना, पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. आता ते घरी बसून पेपरातलं कोडं सोडवायचे आणि भिमाबाईंच्या, म्हणजे संघप्रियाच्या आईच्या, स्वयंपाकात खोड्या काढायचे.

त्यांची वाट बघत ती बाहेरच्या हॉलमध्ये आली. दाराशी वॉचमन हिंमतराव उभा होता, कडक इस्त्रीचा, मिशा पिळलेल्या. तिला बघून त्यानं नेहमीसारखा सलाम ठोकला आणि परत मान उंच करून बाहेर बघायला लागला.

"मॅडम, आभाळ येतंय का वो आज?"

"कसलं आभाळ, काका? एक ढग नाही."

"काल येणेगुराकडं वळीव पडला म्हणत्यात. म्हणून इचारलं." तो हुश्श करून खुर्चीत बसला. संघप्रियाचं लक्ष कुठं होतं! ती रस्त्याकडं डोळे लावून बसली होती.

सव्वादहाला तात्यारावांची स्कूटी आली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फ्रीजच्या खोलीत गेले, हात मागं बांधून भिंतीपासून भिंतीपर्यंत बघत फिरले.

"या पिशव्या कसल्या?" फ्रीजशेजारी खुंट्यांवर काळ्या पिशव्या टांगल्या होत्या.

"पेशंटच्या. उन्हापासून जपायला. सात आहेत, मोजल्या मी."

"सातच्या सात?"

"हो."

"आणि सुई?"

"एक सिरिंज गेलीय आणि औषध गाळायची चकती. म्हणजे टोचायलाच नेलंय ना, आबा?" तिचा आवाज फुटला. "शनिवारी पाचला मी स्वतः मोजलं होतं. काल कुणाला टोचलं असेल तर तो माणूस आत्ता उन्हात फिरत असेल. त्याला माहीतपण नसेल. कुणाचीतरी आई असेल, आबा!"

तात्यारावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको, बाळ. रडायला मागनं लई वेळ हाय. आधी त्या तिघांना बोलीव."

३

सिस्टर दीपाली आली ती डोळे सुजवूनच. सगळ्यांना इंजेक्शन तीच देते, त्यामुळं बोट तिच्याकडं जाणार हे तिला न सांगता कळलं होतं.

"रविवारी का आली होतीस?"

"गंगम्मा आजींना बघायला. गेल्या आठवड्यात त्यांना काजवा दिलाय, आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलंय." ती नाक पुसत म्हणाली, "मी कशाला चोरीन, काका? मला शीर सापडायची मारामार! गंगम्मांना टोचताना तीनदा चुकले. शेवटी दारातनं वॉचमनकाका ओरडले, सिस्टर, मनगटाला थोपटा, वर येती. तेव्हा कुठं सापडली."

तात्यारावांनी मान डोलावली आणि तिला बसवून ठेवलं.

लेझर चालवणारा मल्लेश सीमेपलीकडचा, कर्नाटकातल्या आळंदचा. "अय्यो, मी फ्रीज उघडला होता, खोटं कशाला बोलू?" तो कानाला हात लावून म्हणाला. "रविवारी मशीन पुसायला आलो. फ्रीजमध्ये माझी ताकाची बाटली ठेवतो. मॅडमना सांगू नका."

मॅडम, म्हणजे संघप्रिया, समोरच बसली होती. एरवी तिनं त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. आज तिला ताकाचं काही वाटलं नाही.

स्टोअर सांभाळणारा शिवशरण घुश्शात होता. "बी-ट्वेल्व्ह माझ्याच स्टोअरचं, कबूल. पण उन्हाळ्यात हातपाय गळाले म्हणून निम्म्या स्टाफनं नेलंय. कुणाकुणाचं नाव घेऊ? आणि रविवारी मी फक्त ऑक्सिजनच्या टाक्या उतरवून घेतल्या. गेटच्या वहीत आलेली-गेलेली वेळ आहे बघा."

वही आणली. रविवारच्या पानावर सुवाच्य अक्षरात तीनच नावं. दीपाली, मल्लेश, शिवशरण. फ्रीजची किल्ली ऑफिसच्या दारामागच्या खिळ्याला असते, हे तिघांनाही ठाऊक.

अकरा वाजून गेले. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडली होती. संघप्रिया त्या पट्टीकडं बघत होती आणि तिला वाटत होतं की ती आपल्याकडं सरकतेय.

"तिघांतला कोण, आबा?" तिघं बाहेर गेल्यावर तिनं विचारलं.

"एक बी न्हाय," तात्याराव म्हणाले.

४

"असं कसं? वहीत तर..."

"तू जरा गप ऐक. विकायला न्यायचं असतं तर सातही कुप्या गेल्या असत्या. एकच गेली, म्हणजे एकाच माणसासाठी नेली. जीव लावलेलं माणूस. व्हय का न्हाय?"

"हो."

"मग जीव लावलेल्या माणसाला औषध न्हेलं आणि हातभर अंतरावर टांगलेली पिशवी सोडली? पिशवीला कुलूप न्हाय, काय न्हाय. दीपाली रोज ती पिशवी स्वतःच्या हातानं देती. मल्लेशला उजेडाचं समदं ठाऊक. शिवशरण पिशव्या मागवतो. यातल्या कुणी नेलं असतं, तर पिशवी आधी उचलली असती. आणि सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्यांना धोका सांगितल्यावर, आपलं माणूस उन्हात हाय म्हणून एक तरी कोसळला असता. तिघंबी स्वतःच्या नोकरीसाठी रडत हुते, दुसऱ्याच्या जिवासाठी न्हाय."

संघप्रियानं विचारलं, "म्हणजे ज्यानं नेलं त्याला धोका माहीतच नाही?"

"अर्धं माहीत हाय. औषध शिरेतनं द्यायचं, गाळून द्यायचं, गार ठेवायचं, एवढं पक्कं माहीत. अर्धं ठाऊक असलेला माणूस कोण? हे अर्धं शिकवतं कोण तुमच्यात?"

तिची नजर टेबलावरच्या कागदावर गेली, पेशंटसमोर काय बोलायचं ते त्यावर लिहिलेलं होतं. कारण अर्धं ती स्वतः शिकवायची.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. बाहेरच्या हॉलमध्ये नवे पेशंट आणि त्यांची माणसं जमली की ती एक कापडी बाहुली आणि टॉर्च घेऊन उभी राहायची. लोकांना कळावं म्हणून सोपं करून सांगायची. "गार ठेवलेलं औषध गाळून शिरेतून आत जातं. एक दिवस आराम करायचा. कण जाऊन आजाराला चिकटतात. मग उजेड पाडला की आजार जळून जातो." आणि बाहुलीच्या तोंडावर टॉर्च मारायची. बाया टाळ्या वाजवायच्या. उन्हाचा धोका, काळी पिशवी, तीन आठवड्यांचा अंधार, हे सगळं नंतर. आतल्या खोलीत, निवड झालेल्या पेशंटला एकेकट्याला. पहिल्यांदाच ऐकून लोक घाबरून पळू नयेत म्हणून ही पद्धत तिनंच पाडली होती.

"पेशंट तर दर वेळी नवे असतात, आबा. हॉलमध्ये रोज बसून ऐकणारं..."

"आणि त्या वहीत एकाचं नाव कधीच नसतं," तात्याराव म्हणाले. "वही लिहिणाऱ्याचं."

संघप्रियाला सकाळचा तो प्रश्न आठवला आणि ती ताडकन उभी राहिली. बेचाळीस अंशाचं ऊन. उमरग्यातलं कुत्रंसुद्धा सावली शोधत होतं. अशात एकच माणूस आभाळ येईल म्हणून काळजीत होता, आणि एकही ढग नाही म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला होता.

"आबा, त्याला ऊन हवंय," ती ओरडलीच. "त्याच्याकडं लेझर नाही. तो उन्हाचा लेझर करणार आहे!"

तिनं नाकारलेल्या पेशंटची फाइल ओढली. अकरा नावं. बोट सातव्यावर थांबलं. मथुराबाई हिंमतराव घोडके, राहणार तामलवाडी. गालाच्या आतली गाठ. भाचा घेऊन आला होता. वॉचमनची बायको आहे असं कुणी बोललंसुद्धा नव्हतं. नाकारायचं कारण: यकृत खराब. काजवा शरीराबाहेर जातो तो यकृतावाटे. अशा माणसाच्या अंगातून तो जाणारच नाही, साचून राहील. दुसऱ्याला जिथं फोड येईल, तिथं हिचं कातडं जळेल.

खाली सही तिचीच होती. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

५

"व्हय. म्याच नेलं." हिंमतरावानं मान ताठ ठेवली. "पंधरा वर्षं फौजेच्या दवाखान्यात सुया टोचल्यात म्या, ऐऱ्यागैऱ्यानं न्हाय टोचलेलं. रविवारी सकाळी आठला रातपाळी सुटली, डब्यात बर्फ घालून नेलं. दुपारी बारा वाजता दिलं. मला पोलिसात द्या, पेन्शन काढून घ्या. पण तिला आजचं ऊन मिळू द्या, मॅडम. बाराला चोवीस तास पुरे हुत्यात."

"काका, ती जळेल!"

"आजार जळंल. तुमीच सांगितलं न्हवं का?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "शंभरदा ऐकलंय म्या. उजेड पाडला की आजार जळून जातो. तुमची टॉर्च एवढीशी. देवाचा उजेड केवढा मोठा! तुमी तिला परत धाडलं. ती कुठं जाणार हुती?"

संघप्रिया त्याच्या समोर आली. "मी अर्धंच सांगितलं, काका. चुकलं माझं. लेझर फक्त गाठीवर पाडतात. ऊन सगळ्या अंगावर पडतं. पेशंट गॉगल, मोजे घालून जातात ते बघितलं नाही का तुम्ही?"

"उन्हाळ्यात अर्धा उमरगा तसाच गुंडाळून फिरतो की."

खरं होतं ते. स्कूटीवरच्या पोरी, बाजारातल्या बाया, सगळ्या स्कार्फ, गॉगल, हातमोज्यांत. त्यात आपले पेशंट वेगळे कुठून दिसणार? तिनं त्याचा हात धरला आणि ओढतच आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. गंगम्मा भिंतीकडं तोंड करून बसली होती. "आजी, हात दाखवा यांना."

मोजा आणि बाही यांच्यामध्ये दोन बोटांची जागा परवा उघडी राहिली होती, बाहेरून तपासणी करून आणल्यावर गाडीतून उतरताना, फार तर मिनिटभर. तेवढ्याच जागी गंगम्माच्या मनगटाला लालभडक, फोडांनी भरलेलं कडं पडलं होतं. मंद दिव्यातही दिसत होतं.

हिंमतरावानं ते बघितलं. फौजेत होता तो, भाजलेलं कातडं ओळखायला त्याला डॉक्टर लागत नव्हता. त्याच्या घशातून एक आवाज निघाला आणि तो फोन काढून धडपडत बोटं मारायला लागला.

रिंग वाजत राहिली. परत लावला. परत नुसतीच रिंग.

"फोन खाली चार्जिंगला असंल," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "तिला म्याच सांगितलंय, बाराला स्लॅबवर जाऊन बस, तोंड उघडं ठिवून. शेजारचे समदे तुळजापूरला लग्नाला गेल्यात. दोन तासांचा रस्ता हाय, मॅडम. आता काय करू वो मी?"

अकरा सत्तेचाळीस.

६

तात्याराव आधीच स्वतःच्या फोनवर होते. "रणधीर? तात्या जमादार बोलतोय. ग्रामपंचायतीतच हायेस ना? पाणी सुटल्याचं सांगतोस तो भोंगा चालू कर. का न् कशाला मागनं. आधी चालू कर! आणि फोन धर माइकासमोर."

रणधीर म्हणजे तामलवाडी ग्रामपंचायतीचा शिपाई, एकेकाळी तात्यारावांच्या हाताखालचा होमगार्ड. फोनमधून खरखर ऐकू आली, मग शिट्टीसारखा आवाज. तात्यारावांनी फोन हिंमतरावाच्या तोंडाशी धरला. "बोला."

हिंमतराव बोलेना. तीस वर्षांच्या संसारात त्यानं चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. त्यांच्या घरात ती रीतच नव्हती. 'अगं ए' म्हणायचं, तिनं ओ द्यायची. आता सगळं गाव ऐकणार होतं. शिवाय नुसत्या 'अगं ए'ला तामलवाडीतल्या शंभर बायकांनी माना वर केल्या असत्या.

"काका, बोला!" संघप्रिया किंचाळली.

"मथुरा!" त्या आवाजानं हॉलमधली माणसं उठून उभी राहिली. "मथुरा, ए मथुरा! म्या बोलतोय, हिंमत! आत जा! उनातनं उठ, घरात जा, दारं लाव! पदर घे तोंडावर! त्या उजेडानं आजार न्हाय, तू जळशील! म्या चुकलो, मथुरा! म्या चोरलं औषध, म्या अर्धवट ऐकलं! आत जा, पाया पडतो तुझ्या!"

परत परत तो तेच ओरडत राहिला, आवाज बसेपर्यंत. रणधीर फोन माइकापाशी टाकून पळाला होता. पलीकडून नुसती खरखर येत होती. हॉलमध्ये कुणी हललं नाही. डॉक्टर राजेश्वरीबाई दारात येऊन थांबल्या होत्या, त्यांचं ते बोभाट्याचं बोलणं त्यांनाही आठवत असणार. सकाळी सगळ्यांना मोकळेपणानं सांगितलं असतं, तर हिंमतराव दहा वाजताच रडत पुढं आला असता.

सहा मिनिटांनी रणधीरचा धापा टाकणारा आवाज आला.

"जमादारसाहेब! आत हाय ती. भोंगा ऐकून जिन्यानं पडत-झडत उतरली म्हणं. माजघरात बसवलंय, खिडक्यांवर गोधड्या टाकल्यात. पण अर्ध्या तासापास्नं वर बसली हुती. लवकर बसलं तर लवकर बरं हुईल, असं वाटलं तिला. डावा गाल न् दोन्ही हात लई भाजल्यात. वरडतीय."

"डोळे?" डॉक्टरबाईंनी फोन हिसकावून घेतला. "डोळ्यांना दिसतंय का तिला?"

"दिसतंय. ऊन सोसंना म्हणून मिटून बसली हुती."

संघप्रिया भिंतीला टेकून खालीच बसली. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आता आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

७

सोलापूरहून काळ्या पडद्यांची रुग्णवाहिका तामलवाडीला धाडली. डॉक्टरबाईंनी चाचणीच्या समितीला फोन करून सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. "औषध तिच्या अंगात आहेच," त्या म्हणत होत्या. "गाठीत कण बसलेत. भाजलेलं सावरलं, तर परवा लेझर देता येईल. अंधारात मात्र महिने काढावे लागतील. परवानगी द्या, मी जबाबदारी घेते." तिकडून होकार आला नव्हता, नकारही आला नव्हता. संध्याकाळी बैठक घेतो म्हणाले.

संघप्रियानं टेबलावरचा बोलण्याचा कागद घेतला, फाडला आणि नवा लिहायला बसली. पहिली ओळ उन्हाची. पेशंट पळाले तर पळाले.

दुपारी पोलीस आले. हिंमतरावानं टोपी काढून खुर्चीवर ठेवली, वहीत स्वतःचं नाव आणि जायची वेळ लिहिली. तात्यारावांनी पोलिसांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, त्यामुळं त्यांनी त्याला बेडी न घालता बाकावर बसू दिलं. फोन त्याच्या हातात होता. रणधीर दर दहा मिनिटांनी खबर देत होता. गाडी आली. चादरीत गुंडाळून गाडीत घातलं. निघाली.

"ओरडते का अजून?" संघप्रियानं शेजारी बसत विचारलं.

"शिव्या देतीय म्हणं मला." तो रडता रडता हसला. मग त्यानं दाराबाहेर बघितलं. रस्त्यावर ऊन नुसतं पेटलं होतं. "मॅडम, गाडीला पडदे पक्के हायेत ना?"

"पक्के आहेत, काका."

"तरीबी." त्यानं हात जोडल्यासारखे केले. "उतरवताना दार उघडंल की. जरा बघा ना भाईर जाऊन. आभाळ येतंय का?"

संघप्रिया उठून पायरीवर गेली. डोळ्यांवर हात धरून तिनं चारी बाजूंना पाहिलं. येणेगुराकडं नाही, आळंदकडं नाही. कुठंच काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या निळ्या आभाळाची भीती वाटली.

ती आत आली आणि म्हणाली, "येतंय, काका."